वाचक विचारतात : सेंट मेरी बेटाचा खरा पत्ता

‘डेथ इन पॅराडाइस’ ही बीबीसीची गुप्तहेर मालिका २०११ पासून चालू आहे. सेंट मेरी नावाच्या कॅरिबियन बेटावर खून पडतो, इंग्लंडहून बदलून आलेला इन्स्पेक्टर उकाड्याला वैतागत तपास करतो आणि शेवटी सगळ्या संशयितांना एका जागी बसवून खुनी दाखवतो. या मालिकेच्या चित्रीकरणाच्या जागा प्रत्यक्ष जाऊन पाहता येतात का, असे विचारणारी बरीच पत्रे विदर्भातून आली. त्यांतली निवडक पत्रे आणि आमच्या पर्यटन विभागाची उत्तरे.

सेंट मेरी आणि ऑनोरे ही नावे वाचनालयातल्या ॲटलासमध्ये सापडली नाहीत. ही ठिकाणे खरी आहेत का?
— ग्रंथपाल, दारव्हा (जि. यवतमाळ)

दोन्ही नावे काल्पनिक आहेत. चित्रीकरण होते ते ग्वाडेलूप या फ्रेंच बेटसमूहात. त्यातल्या पश्चिमेकडच्या डोंगराळ बेटाचे नाव बास-तेर, आणि त्याच्या वायव्य किनाऱ्यावरचे कोळ्यांचे गाव म्हणजे मालिकेतले ऑनोरे. नकाशात इंग्रजी अक्षरांवरून त्याचे नाव तुम्ही ‘देशाईज’ असे वाचाल. तिथे उच्चार ‘देए’ असा करतात. वाट विचारताना हे लक्षात ठेवा.

कथेतले बेट ब्रिटिशांच्या अखत्यारीत आहे, पोलीस आणि गावकरी इंग्रजी बोलतात. प्रत्यक्षात ग्वाडेलूप १९४६ पासून फ्रान्सचा एक जिल्हा आहे. चलन युरो, भाषा फ्रेंच आणि क्रिओल ही स्थानिक मिश्र बोली, वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने. हॉटेलाबाहेर पडले की इंग्रजी फारशी चालत नाही. पडद्यावरचे बेट डोक्यात ठेवून तयारी केली की अडचणी सुरू होतात, आणि पहिली अडचण व्हिसाची.

पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाकडे शेंगेन व्हिसा आहे. तोच चालेल का? आम्हा नवरा-बायकोचे उत्पन्न फक्त शेतीचे. आम्हाला व्हिसा मिळेल का?
— आर्वी (जि. वर्धा)

ग्वाडेलूप फ्रान्समध्ये आहे, युरोपीय संघातही आहे, पण शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही. त्यामुळे नेहमीचा पर्यटक शेंगेन व्हिसा तिथे पुरत नाही. फ्रान्सच्या सागरपार जिल्ह्यांसाठीचा व्हिसा घ्यावा लागतो. ‘फ्रान्स-व्हिसा’ या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरताना मुक्कामाचे ठिकाण म्हणून ‘फ्रान्स’ न निवडता ‘ग्वाडेलूप’ निवडायचे. इथे चूक झाली की पुढची सगळी कागदपत्रे चुकीच्या व्हिसासाठी जमा होतात. मुलाचा व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे हे त्याने त्याच संकेतस्थळावर पडताळून पाहावे.

दुसरा पेच पॅरिसचा. मुंबई किंवा दिल्लीहून येणारे विमान बहुधा शार्ल द गॉल विमानतळावर उतरते, आणि ग्वाडेलूपची बरीचशी विमाने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ऑर्ली विमानतळावरून सुटतात. एका विमानतळाबाहेर पडून दुसऱ्यावर जायचे म्हणजे शेंगेनमध्ये प्रवेश झाला, त्याला शेंगेन व्हिसा हवाच. ग्वाडेलूपला गेलात म्हणजे तुम्ही शेंगेनबाहेर पडलात. येताना पुन्हा ऑर्लीत उतरणार, म्हणजे दुसरा प्रवेश. व्हिसावर एकाच प्रवेशाची मुभा असेल तर जाताना सगळे सुरळीत होते आणि परतीला विमानात बसू देत नाहीत. म्हणून अर्जात निदान दोन प्रवेश मागा. मायामीमार्गे स्वस्त तिकीट दिसले तर भुलू नका. तिथे नुसते विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो.

शेतीचे उत्पन्न ही अडचण नाही, ते कागदावर नीट न दिसणे ही अडचण आहे. सातबारा आणि आठ-अ यांचे इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर करून घ्या; मराठी उतारा तसाच जोडला तर तिकडे तो वाचणार कोण? कापूस, सोयाबीन किंवा संत्र्याचे पैसे एकदम खात्यावर येतात आणि अर्जाआधीच्या महिन्यात मोठी रक्कम जमा झालेली दिसते. ती उसनी आणून दाखवली असावी अशी शंका येते. त्यासाठी बाजार समितीची किंवा जिनिंगची हिशेबपट्टी त्या नोंदीला जोडा आणि एका पानाच्या पत्रात पीक, विक्रीची तारीख व रक्कम लिहा. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी विवरणपत्र भरता येते; पुढच्या वर्षी जायचे असेल तर यंदाच भरून ठेवा. मुलगा खर्च करणार असेल तर त्याचे हमीपत्र, पगारपत्रके आणि नाते दाखवणारा दाखला जोडा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रावर स्वतः जावे लागते. प्रवास विमा निदान ३०,००० युरोंचा हवा. पॉलिसीच्या क्षेत्रात फक्त ‘शेंगेन देश’ असे लिहिले असेल तर ग्वाडेलूपचे दिवस उघडे पडतात; एजंटाकडून ग्वाडेलूपचे नाव घालून घ्या.

दोन विमानतळांमध्ये किती वेळ ठेवावा?
— मूर्तिजापूर (जि. अकोला)

दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असतील तर विमान कंपनीने दिलेला वेळ चालतो, कारण पहिले उशिरा आले तर पुढची सोय तिने करायची असते. तिकिटे वेगवेगळी असतील तर पॅरिसमध्ये एक रात्र मुक्काम करा. सामान ताब्यात घ्यावे लागते, पासपोर्ट तपासणीची रांग असते, मग ‘आरईआर बी’ रेल्वेने शातले-ले-आल आणि तिथून मेट्रो क्रमांक १४ ने ऑर्ली. ही मेट्रो २०२४ पासून थेट विमानतळापर्यंत जाते. चार तासांच्या अंतराने तिकिटे काढून जाणारे लोक आहेत. आम्ही तो सल्ला देणार नाही.

गावात नेमके काय काय पाहता येते आणि कोणत्या क्रमाने?
— शिक्षिका, हिंगणघाट (जि. वर्धा)

विमानतळ प्वांत-आ-पित्र शहराजवळ आहे, तिथून देए सुमारे ४० किलोमीटर. पॅरिसची विमाने बहुधा दुपारनंतर उतरतात, संध्याकाळी वाटेवरच्या बे-माओ गावाच्या बाजूला गाड्यांची रांग लागते आणि सूर्य वर्षभर साडेपाच ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो. म्हणजे पहिल्याच दिवशी निघालात तर अनोळखी घाटरस्ता अंधारात पडतो. पहिली रात्र विमानतळाच्या आसपास काढून सकाळी निघणे बरे.

सेंत-रोझ गावावरून किनाऱ्याच्या रस्त्याने आलात तर जागा आपोआप क्रमाने लागतात. आधी ला पेर्ल किनारा, जिथे इन्स्पेक्टरची झोपडी असते. मग ग्रांद आन्स, बेटावरच्या नावाजलेल्या लांब किनाऱ्यांपैकी एक. त्यानंतर गाव.

गावात चर्चजवळ गाडी लावायला जागा मिळाली तर पुढचे सगळे पायी होते. चर्चलगतची चर्चचीच इमारत म्हणजे मालिकेतले पोलीस ठाणे. बाहेरून ओळखायला वेळ लागत नाही, मात्र चित्रीकरण नसते तेव्हा ठाण्याच्या पाट्या आणि सामान तसेच असेल असे धरून चालू नका. आत जायचे असेल तर आधी विचारा. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना दारात उभे राहून फोटो काढणे लोकांना आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे. तिथून थोडे चालले की पाण्याच्या काठावर ‘ल मद्रास’ नावाचे उपाहारगृह आहे. मालिकेतल्या कॅथरीनचा बार तो हाच. एरवी तिथे बसून जेवता येते; चित्रीकरणाच्या दिवशी मात्र ते युनिटच्या ताब्यात असू शकते, म्हणून जेवणाचा बेत त्या एकाच जागेवर ठेवू नका. धक्का, होड्या आणि लाकडी घरांचा रस्ता मालिकेत इतक्या वेळा येतो की वेगळा शोधावा लागत नाही.

गावाच्या दक्षिणेच्या चढावर देएची वनस्पती बाग आहे. ही जागा पूर्वी फ्रेंच विनोदी नट कोल्यूश याची होती. २००१ मध्ये ती बाग म्हणून लोकांसाठी उघडली. मालिकेचे चित्रीकरण इथेही झाले आहे. तिकीट आहे, चढउतार आहेत, दोन-अडीच तास लागतात. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी सकाळी जावे.

जागा पाहायला एक दिवस पुरतो. पण एका दिवसासाठी इतक्या लांब जाणे हा पैशाचा अपव्यय आहे. आठवडा ठेवा आणि ला सूफ्रियेर हा १,४६७ मीटर उंचीचा जागृत ज्वालामुखी, किंवा दक्षिणेला मालांद्यूर किनाऱ्यासमोरचे, फ्रेंच समुद्रसंशोधक कूस्तोच्या नावाचे सागरी राखीव क्षेत्र जोडून घ्या.

मले एक सांगा, त्या साहेबाची समुद्राच्या काठावरची झोपडी हाये ना, तिच्यात आपल्याले मुक्काम करता येते काय? भाडं किती पडन? अन् तो सरडा खरा हाये का?
— शेतकरी, वरुड (जि. अमरावती)

मुक्काम करता येत नाही, भाऊ. झोपडी हा मालिकेसाठी उभारलेला सेट आहे. किनारा सार्वजनिक असल्याने त्या जागी कोणालाही जाता येते, पण झोपडी पाहायला मिळेलच अशी खात्री धरू नका. ‘डिटेक्टिव्हच्या झोपडीत राहा’ अशी जाहिरात दिसली तर ॲडव्हान्स पाठवू नका.

ला पेर्लच्या जवळपास किंवा गावात ‘जित’ म्हणजे स्वयंपाकघरासह भाड्याची घरे मिळतात. घर ठरवताना एक प्रश्न नक्की विचारा: पाण्याची टाकी आहे का? ग्वाडेलूपमध्ये नळाचे पाणी पाळीपाळीने बंद असते आणि टाकी नसलेल्या घरात ऐन वेळी बादलीभर पाणीही नसते. पाळीच्या पाण्याचे वरुडकरांना आणखी काय सांगायचे!

मालिकेतल्या झोपडीतला सरडा हॅरी संगणकावर तयार केलेला आहे. मात्र हिरवे सरडे त्या बेटावर भरपूर आहेत, घराच्या ओट्यावरही येतात.

चित्रीकरण चालू असताना जायचे तर कोणता महिना धरावा? मे महिन्याचे ऊन आम्हाला नवे नाही.
— चिमूर (जि. चंद्रपूर)

चित्रीकरण साधारण एप्रिल-मे पासून ऑक्टोबरच्या आसपासपर्यंत चालते. कोरडा काळ डिसेंबर ते मे, पावसाळी काळ त्यानंतर, आणि वादळांचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्यातला ऑगस्ट ते ऑक्टोबर सर्वांत धोक्याचा. म्हणजे स्वच्छ आभाळ हवे तर जानेवारी ते एप्रिल, कॅमेरा पाहायचा तर पाऊस आणि वादळाची जोखीम. आमचे मत मेच्या उत्तरार्धापासून जूनपर्यंतच्या बाजूने: चित्रीकरण सुरू झालेले असते, मोठी वादळे या काळात क्वचित येतात, आणि फ्रेंच शाळांच्या सुट्ट्या सुरू व्हायच्या असतात म्हणून भाडी आटोक्यात असतात. सप्टेंबरमध्ये अनेक खाणावळी वार्षिक सुट्टीवर जातात.

तापमान तिशीच्या आसपासच राहते, चंद्रपूरच्या मे महिन्यापुढे ते काहीच नाही. दमट हवेचे मात्र आपल्याला वळण नसते: घाम वाळत नाही, कपडेही वाळत नाहीत. सुती कपड्यांचे दोन जोड जास्त घ्या.

चित्रीकरणाचे वेळापत्रक जाहीर होत नसते. रस्त्यावर दिवे, केबल आणि युनिटच्या गाड्या दिसल्या की समजायचे. युनिटचा माणूस थांबवेल तिथे थांबा, मोबाइलचा आवाज बंद ठेवा, आणि चित्रीकरण चालू असताना फोटो काढण्याआधी विचारा. एकेका प्रसंगाच्या इतक्या फेऱ्या होतात की अर्ध्या तासात कंटाळा येतो, हेही आधीच सांगून ठेवतो.

जाता जाता समुद्री शेवाळाबद्दलही: सारगासम नावाचे तपकिरी शेवाळ मुख्यतः अटलांटिककडच्या किनाऱ्यांवर थराने साचते आणि सडले की अंडी नासल्यासारखा वास सुटतो. देए विरुद्ध बाजूला, कॅरिबियन समुद्रावर असल्याने बहुतेक वेळा वाचते. मुक्काम पूर्व किनाऱ्यावर ठरवत असाल तर चौकशी करून ठरवा.

मी ट्रॅक्टरपासून ट्रकपर्यंत सगळे चालवतो. तिकडे गाडी भाड्याने मिळेल का?
— पुसद (जि. यवतमाळ)

मिळेल, आणि घ्यावीच लागेल. बस आहेत पण थोड्या, संध्याकाळनंतर व रविवारी तर त्यांच्या भरवशावर राहू नये.

निघण्याआधी आपल्या जिल्ह्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज होतो, नमुना ४-अ, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत लागते, म्हणून आधी व्हिसा, मग परवाना. मूळ भारतीय परवानाही सोबत हवा. नुसत्या पुस्तिकेवर गाडी देत नाहीत.

खरी अडचण काउंटरवर येते. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात आणि कार्ड चालकाच्याच नावाचे लागते. डेबिट कार्ड, फॉरेक्स कार्ड किंवा रोख पुढे केली की बुकिंग असूनही गाडी नाकारली जाऊ शकते. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून मर्यादा वाढवून घ्या. गाडी घेताना चारी बाजूंचा व्हिडिओ काढा, टायरच्या रिमसकट.

स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. सवयीचा ड्रायव्हर चुकतो तो मोकळ्या रस्त्यावर आणि डावीकडे वळताना, गर्दीत नव्हे. गोल चौकात आधीपासून फिरत असलेल्या गाडीचा हक्क पहिला. आपल्यासारखे नाक घालायचे नाही. जिथे कोणतीही खूण नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला जाऊ द्यायचे. इंधनाचे दर सरकार ठरवते, तेव्हा स्वस्त पंप शोधत फिरू नका.

आम्ही शुद्ध शाकाहारी. सोबत काय नेता येईल? नागपुरी संत्री आणि संत्रा बर्फी भेट म्हणून न्यायची इच्छा आहे.
— काटोल (जि. नागपूर)

दोन्ही घरीच ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे खव्याची बर्फी, पेढे, तूप गेले. ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, संत्र्यालाही. ज्वारीचे पीठ, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, सुके मसाले बंद पाकिटात, वर इंग्रजीत नाव लिहून न्या. हातात न ठेवता मोठ्या बॅगेत ठेवा. तिखटाची पुडी सुरक्षा तपासणीत उगाच वेळ खाते.

तिथे सर्वांत फसवा पदार्थ म्हणजे आक्रा. दिसायला हुबेहूब आपली भजी, आणि आत बहुधा खारवलेला कॉड मासा. ‘कोलोंबो’ नावाचा रस्सा धणे, जिरे, हळद, मोहरीच्या वासाने ओळखीचा वाटेल, पण त्यात कोंबडी, बकरा किंवा डुक्कर असते. ‘बोकित’ ही तळलेली पोळी चीज, टोमॅटो आणि कोबी घालून मागता येते. फ्रेंचमध्ये दोन शब्दसमूह पाठ करा: ‘सां व्हियांद’, म्हणजे मांस नको, आणि ‘सां प्वासाँ’, म्हणजे मासा नको. फक्त पहिले म्हटले तर मासा ताटात येतो.

स्वयंपाकघर असलेले घर घेतलेत तर प्रश्नच मिटतो. बाजारात लाल भोपळा, सुरणाच्या जातीतले कंद, हिरवी केळी, विलायती फणस, चौचौ, मिरची मिळते. तांदूळ आणि मसुरीही. रविवारी दुपारनंतर दुकाने बंद असतात, तो किराणा शनिवारीच भरा.

तिथे भारतीय वंशाचे लोक आहेत असे वाचले. हिंदी चालते का?
— पवनी (जि. भंडारा)

लोक आहेत, हिंदी नाही. १८४८ मध्ये गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. २४ डिसेंबर १८५४ रोजी ‘ओरेली’ जहाजातून पहिले भारतीय मजूर ग्वाडेलूपला उतरले आणि १८८९ पर्यंत चाळीस हजारांहून अधिक आले. बरेचसे तमिळ मुलुखातले, पाँडिचेरी आणि कारैकलच्या बंदरांतून. त्यांच्या वंशजांना फ्रेंच नागरिकत्वाचे पूर्ण हक्क मिळावेत म्हणून हेन्री सिदांबरोम यांनी १९०४ पासून जवळपास वीस वर्षे लढा दिला. आज आडनावे तमिळ, बोली क्रिओल. तमिळ उरली ती मुख्यतः पूजेत. कापेस्तेर-बेल-ओ गावाजवळ शांजी इथले मंदिर पाहण्यासारखे आहे, देएहून बेटाच्या दुसऱ्या बाजूला.

त्याच भागात केळीचे मळे आहेत. सोंडकिड्यासाठी १९७२ पासून १९९३ पर्यंत तिथे क्लोरडेकोन हे कीटकनाशक वापरले गेले आणि ते मातीत आजही शिल्लक आहे. काही ठिकाणी मासेमारीवर बंदी आहे. फवारणीचे दुष्परिणाम जवळून पाहिलेल्या आपल्या भागातल्या शेतकऱ्यांनी ही गोष्ट जरूर समजून घ्यावी.

क्रिकेटच्या निमित्ताने त्रिनिदाद जोडणार असाल तर पीतज्वराची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रात घ्या. ग्वाडेलूपहून थेट परतणाऱ्याला ती लागत नाही, पण त्रिनिदादहून प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात तर विलगीकरणात ठेवू शकतात.

लहान मुले सोबत आहेत. किनाऱ्यावर काय जपावे?
— अचलपूर (जि. अमरावती)

लाटा आणि एक झाड. ला पेर्लवर लाटांची ओढ जोरदार असते, विशेषतः हिवाळ्यात. मुलांना तिथे पोहायला सोडू नका, ग्रांद आन्सला शांत दिवस पाहून सोडा.

झाड म्हणजे मांसनिय्ये. छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळे, चकचकीत पाने, पांढरा चीक. फळ विषारी, चीक कातडीला लागला की फोड येतात, आणि पावसात त्याच्याखाली उभे राहिले तरी थेंबांतून चीक अंगावर येतो. अनेक ठिकाणी खोडावर लाल पट्टा किंवा पाटी असते, पण प्रत्येक झाडावर नाही. किनाऱ्यावरची लाकडे गोळा करून चूलही पेटवू नका; याचा धूर डोळ्यांना बाधतो.

थोडक्यात उत्तरे

*वणी :* घड्याळ भारतापेक्षा साडेनऊ तास मागे. मुलांना फोन करायचा तर तिथल्या सकाळी, तेव्हा इकडे संध्याकाळ असते.

*रिसोड :* वीज २३० व्होल्ट, आपलीच. जाड तीन पिनांचा प्लग बसत नाही, मोबाइल चार्जरचा गोल दोन पिनांचा बसतो.

*तुमसर :* ‘बियाँड पॅराडाइस’ या जोडमालिकेचे गाव ग्वाडेलूपमध्ये नाही. ती इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात, लू या बंदरगावात चित्रित होते. त्यासाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा.

*देवळी :* जाणे शक्य नसेल तर मोबाइलच्या नकाशात देए उघडा आणि रस्त्याच्या दृश्यात चर्चपासून धक्क्यापर्यंत बोटाने चाला. मालिकेचा एखादा भाग शेजारी लावून ठेवला तर ठाण्याच्या पायऱ्या आणि बारचा कोपरा लगेच जुळतो. डेटा बराच जातो, वाय-फाय असेल तिथे बसा.